हाडावरची गाठ

खांदमळणी, पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. कुंभार पिंपळगाव.

आज माझी कॉलर ताठ! आमच्या उत्खननात सापडलेल्या पुरातन बैलाच्या पायाच्या हाडावरची गाठ. सोबतचे सगळे संसर्ग म्हणत होते. मी एकटीच म्हणत होते, ओझं ओढून आलेली आहे. तपासणीत माझंच बराबर निघालं.

घरी आले तर आबा आमच्या सर्ज्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते. मोबाईलवर गाठ दाखवली. शाबासकी? छे!

"थकल्यावर कापला तर न्हाई ना त्याला?"

"न्हाई आबा. हाडांवर सुरीची एकही खूण न्हाई. धन्याच्या घराशेजारी अख्खा पुरलाय."

"मंग आपलीच माणसं व्हती ती."

सर्ज्याच्या पायावरही तशीच गाठ. आजच कशी दिसली मला?

पोरींना या कामाला कधी हात लावू न देणाऱ्या आबांनी वाटी माझ्यापुढं केली. "दुसरा खांदा तू मळ."