न वाजणारा डबा

९ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष लागला आणि पार्लरमध्ये चिटपाखरू नाही. अनसिंगच्या बायका या पंधरवड्यात भुवयासुद्धा करून घेत नाहीत. पितर काय वरून भुवया बघत बसलेत? खुर्ची पुसली, आरसा पुसला, परत खुर्ची पुसली. मग मोबाइल घेऊन बसले तर खो आलेला. गोंदियाच्या 'रानवारा'ने दिलाय. त्याचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. निवृत्त आहे, मांजरं पाळतो, माझ्यासारखाच जुन्या सवयीने अजून ब्लॉग लिहितो, एवढं ठाऊक.
खेळ असा: स्वतःबद्दलच्या फुटकळ गोष्टी सांगायच्या, लहानपणची एक आठवण लिहायची आणि पुढच्या ब्लॉगवाल्याला खो द्यायचा.
माझ्याबद्दल फुटकळ नसलेलं काही आहे का, हाच प्रश्न.

११ सप्टें.
जमलेल्या गोष्टी:
गावभराच्या भुवया मी करते. माझ्या करायला वाशीमला जाते. तिथली पोरगी दरवेळी विचारते, "मॅडम, आधी कुठं केल्या होत्या? लय बिघडवल्या." मी पर्समधले सुटे पैसे मोजते.
लिंबाचं लोणचं फक्त सालीसाठी खाते. फोडीतला गर यांच्या ताटात.
गाडीची शिटी ऐकली की अजून चप्पल शोधते. जायचं कुठेच नसतं.
सिनेमात लग्न लागलं की रडते. खऱ्या लग्नात नाही. तिथे नवरीचा मेकअप कोणी केला ते बघत असते.
यांनी मागून वाचलं. "हे लोकं वाचतेत?" म्हणे. स्वतः सोयाबीनच्या भावाशिवाय काही वाचत नाहीत, आणि मला विचारतात.
आठवण कोणती लिहू? गल्लीत पोरींनी भुलाबाई बसवलीय, कोजागिरीपर्यंत आता रोज गाणी, इथवर ऐकू येतात. तीच लिहावी.

१२ सप्टें.
लिहिली. गाणी संपली की घरोघरची खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवायचा, विचारायचं गोड की तिखट, घरी केलेलं की विकतचं. डबेवालीने खरं उत्तर द्यायचं. ओळखलं नाही तर तिची शान. आमच्या गल्लीच्या पोरी इतक्या पक्क्या, की आवाजावरून फुटाणे भाजके की खारे तेही सांगायच्या. आणि एका वर्षी, भादव्यात भुलाबाई बसली त्याच दिवशी, आमचा डबा कोणालाच ओळखता आला नाही. शेंगदाण्याच्या लाडवांभोवती कापूस ठासला होता. डबा वाजलाच नाही! शेतातून ताजा आलेला कापूस, मी मुठी-मुठीने भरला, ताईने झाकण लावलं. मुली हरल्या तेव्हा मी डबा डोक्यावर घेऊन नाचले.
लिहिताना हसू येत होतं. 'ताई' शब्दाशी मात्र बोट अडखळलं. उन्हाळ्यापासून हा शब्द तोंडात घेतला नाही.

१४ सप्टें., रविवार
पोस्ट टाकली. खो पुसदच्या 'मीठभाकर'ला. ती लगेच: "कापसाची आयडिया भन्नाट! तुम्ही लहानपणापासूनच डोकेबाज." फुशारले. रानवाराने तर मांजराचा फोटो टाकला, म्हणजे खूश आहे.

१५ सप्टें.
सकाळी नवी प्रतिक्रिया. नावाच्या जागी 'अनामिक'.
"भादव्यात शेतातून ताजा कापूस कुठून येईन? बोंडं तरी फुटतेत का तवा?"
एवढंच. चहा गार झाला. खरंच की. वेचणी दसऱ्याच्या पुढे. शेतकऱ्याच्या घरची पोर मी, आणि भादव्यात कापूस घरात आणला. सगळ्या ब्लॉगवाल्यांत एकालाही कळलं नाही.
एकालाच कळू शकतं. त्या डब्याशी दोघी होतो. आई सोबत होती, ती आता नाही. उरली कोण?
मुक्ताला विचारलं. लेक माझी, पण फितूर. "मावशी तर तुझं सगळं वाचते. मीच लिंक पाठवते नं."
"कधीपासून?"
"पयल्यापासून."
म्हणजे उन्हाळ्यापासून माझा फोन न घेणारी बाई माझं लोणचं, माझ्या भुवया, सगळं वाचून राहिलीय. राग आला. बरंही वाटलं. राग जास्त.

१६ सप्टें.
इथे लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल.
मुक्ताचा साखरपुडा घाईत ठरला. मुलाकडच्यांनी आठवडाही दिला नाही. मी गणपतीचं चित्र घातलेला मेसेज सगळ्यांना टाकला, ताईलाही. ती आली नाही. फोन केला तर एवढंच बोलली, "फोनमंदल्या गणपतीनं बलावलं का मले?" आणि ठेवला. मोठ्या बहिणीच्या घरी कुंकू-अक्षता घेऊन जायचं असतं, हे मला काय ठाऊक नाही? पण मानोरा काय शेजारी आहे? मी हॉल बघू, साड्या बघू, की बस बदलत फिरू?
आता लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मुक्ताला मामा नाही, आम्ही दोघीच बहिणी. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तिथे मावशी उभी राहील, हे ताईने मुक्ता पाळण्यात होती तेव्हाच सांगून ठेवलंय. हे म्हणतात, तुझा चुलतभाऊ उभा करू. मुक्ता म्हणते, "मावशी नसन तं मागची जागा रिकामी ठेवा."
पोरगी हट्टी आहे. कोणावर गेली, सांगायला नको.

१७ सप्टें.
अनामिकला उत्तर टाकलं: "मग कापूस कुठला होता ते आपणच सांगावं. इतकी माहिती आहे तर."
'आपण' मुद्दाम लिहिलं. टोचलं पाहिजे.

१८ सप्टें.
टोचलं. सकाळी उत्तर.
"उशीचा. माह्या उशीचा. मी शिलाई उसवली, मीच भरला. आईनं लाटणं हाणलं ते बी मलेच. सालभर बिनउशीची झोपली मी. आन तू कायची नाचतं? तू तं गाद्याच्या ढिगामागं झोपेल होती. तुह्या वाटणीचा लाडू मी ओच्यात धरून ठेवला होता."
खाली रानवारा: "इथे भांडण आहे की खेळ? मी चहा घेऊन बसलोय."
मीठभाकर: "मीही."
मेले सगळे. मोबाइल पालथा ठेवला.

१९ सप्टें.
दिवसभर तेच. मी नाचल्याचं मला दिसतं. डब्याचा पत्रा डोक्याला गार लागलेला आठवतो. झोपले होते तर हे कुठून आलं?
शेजारच्या बांगडीच्या दुकानातली रुबीनाभाभी दुपारी येऊन बसली. पितृपक्षात तिचंही दुकान थंडच. तिला सगळं वाचून दाखवलं. एकीकडे बांगड्यांचे तोडे बांधत ऐकत होती.
"तेरेकू ये किस्सा बताया किसने था?"
"ताईनेच. दरवर्षी भुलाबाईत सांगायची."
"कैसे बताती थी? जरा बोल के दिखा."
मी ताईच्या आवाजात सांगायला लागले: अन् मंग आपण डब्यात कापूस भरला, अन् मंग आपण...
तिथेच थांबले.
ती नेहमी 'आपण' म्हणायची. झोपलेल्या मला ती दरवर्षी उठवून त्या गोष्टीत उभं करायची. डबासुद्धा तिनेच माझ्या डोक्यावर दिला असणार, सांगता सांगता. तिची उशी, तिचा मार, आणि नाच माझ्या वाट्याला.
रुबीनाभाभी म्हणाली, "अब रो मत. कस्टमर आयेगा तो बोलेगा पार्लर में क्या हुआ."
कस्टमर कुठला यायला! खूप रडले. बरं वाटलं.

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. पहाटेपासून रांग. आयब्रो, फेशियल, ब्लीच. दातात धागा धरून मान अवघडली. लिहायला वेळ नाही. मुक्ता गिऱ्हाइकांच्या मेंदीला बसलीय. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. चांगल्या आहेत, यांनी निवडूनही.

२७ सप्टें.
पहिली पत्रिका गणपतीला ठेवली. दुसरी कोणाला, हे तिघांनाही ठाऊक होतं.
हे म्हणाले, "मी सोबत येऊ का?"
नको. मीच.
पण नुसती पत्रिका घेऊन उभी राहिले तर ती दारातच "ठेव तिथं" म्हणेल. ओळखते मी तिला.

१ ऑक्टो.
डोक्यात आलं ते करते आहे. रुबीनाभाभीने झाकणाचा गोल डबा दिला, तिच्या आईचा, सुपारीचा. "इसका ढक्कन घट्ट है, सँभाल के," म्हणे. आत हळदीच्या अक्षता आणि घडी करून पत्रिका. भोवती कापूस. पार्लरचा, रोलमधला. हलवून बघितला. अजिबात वाजत नाही.
मुक्ता बघत होती. म्हणाली, "मम्मी, मावशीनं नाही ओळखलं तं?"
मला तर उलटीच भीती आहे. हातात घेताच ओळखलं आणि परत दिला तर?

५ ऑक्टो., रविवार
मानोऱ्याला जाऊन आले. वाशीमला बस बदलली, मंगरूळपीरला खोळंबा. डबा मांडीवर. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "देवाचं हाये काय?" मी हो म्हटलं.
ताई खळ्यात होती. सोयाबीन काढायचं चालू, केसांत भुसा, डोक्याला फडकं. मला बघितलं आणि हातातली पाटी खाली नाही ठेवली.
"काहून आली?"
"खिरापत आणली."
पाटी ठेवली. हात लुगड्याला पुसले. डबा घेतला, कानाशी नेला, हलवला. डोळे मिटून ऐकते, अगदी पूर्वीसारखी. मजूर बाया कामं सोडून बघत होत्या.
"वाजत नाही," ती म्हणाली.
"कापूस हाये. पार्लरचा." डब्याला नाक लावलं. "तुह्या त्या किरीमचा वास येऊन राह्यला."
"मग उघड ना, ताई."
"वळखल्याबिगर उघडत नसतेत. इसरली का? का तवा बी झोपेल होती?"
डबा आत नेला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवला, आईच्या फोटोशेजारी. चहा दिला. साखर जास्त, मला लागते तेवढी. सोयाबीन भिजलं, मजूर मिळत नाहीत, सून माहेरी गेलीय, सगळं बोलली. लग्नाचं एक अक्षर नाही. मीही काढलं नाही. निघताना पिशवीत आंबाडीची भाजी कोंबली आणि म्हणाली, "बेगीन जाय, नाहीतं बस चुकन."
फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. दारात उभी होती मात्र, मी वळून बघितलं तेव्हा.
बसमध्ये आधी राग आला. एवढी गेले, एवढं केलं, तर उघडायला काय झालं? मग मंगरूळच्या स्टँडवर एकटीच हसत सुटले. परत नाही दिला. देवळीत ठेवला.

६ ऑक्टो., सोमवार. कोजागिरी
गल्लीच्या भुलाबाईचा शेवटचा दिवस. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घातलाय पोरींनी, आमच्या पार्लरसमोरच. आंबाडीची भाजी केली. यांनी तीनदा वाढून घेतली आणि "मानोऱ्याची हाये ना?" एवढंच विचारलं.
मूळ पोस्ट बदलली नाही. खाली एक ओळ जोडली: "कापूस माझ्या ताईच्या उशीचा होता. मी झोपले होते. नाचल्याची आठवण तिने मला दिली, ती मी ठेवून घेतेय." रानवाराने या वेळी मांजर टाकलं नाही. लिहिलं, "माझा मोठा भाऊ नागपुरात असतो. आज फोन करतो." बरा आहे माणूस.
संध्याकाळी पोरी गाणी म्हणत होत्या, मी दूध आटवत होते. मोबाइल वाजला. अनामिक.
"गोड की तिखट?"
चमचा तसाच दुधात. मुक्ता मागून वाचत होती, खांद्यावर हनुवटी टेकून. तिचा श्वास लागत होता मानेला.
डबेवालीने खरंच उत्तर द्यायचं असतं. लिहिलं: "दोन्ही नाही."
थोड्या वेळाने: "घरी करेल का इकत आणेल?"
"घरचंच. आणायला उशीर झाला."
त्यानंतर काही नाही. दूध उतू गेलं ते वेगळंच. बाहेर पोरी ओरडतायत, "काकू, डबा आना तुमचा, वळखतो आमी!" मुक्ता घेऊन गेली. मी ओट्यापाशीच उभी आहे, मोबाइल हातात. ती हळू हळू विचारते, लहानपणापासून. लग्नाला अजून वेळ आहे. विचारू दे.