अल्बर्टला नदीचा काठ

मी, एडमंड थिओबाल्ड व्हेअरिंग, थॉर्नवेलचा सातवा अर्ल, वय एकोणऐंशी, गुडघे सोडून बाकी ठणठणीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि शेरीचा एकच पेला घेऊन हे लिहून ठेवतो. आधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

हवेली, किताब आणि गळके छप्पर पुतण्या लायोनेलला. त्याला टाळायची सोय कायद्यात नाही, मी शोधून पाहिले.

संसदेच्या वरच्या सभागृहातली जागा बापाच्या मागेच मिळते आणि वडील ब्याण्णव वर्षे जगले, त्यामुळे तिथे जाऊन झोपायला मला उशीरच झाला. तोवर खालच्या सभागृहात ठोकलेली भाषणे सहा खंडांत बांधली आहेत. ती बहीण ऑगस्टाला. बिचारीला झोप येत नाही.

आता मुद्द्याचे. गिरणीपासून पुलापर्यंतचा नदीकाठ, मासेमारीच्या हक्कासह, अल्बर्ट ग्रिमशॉ यास. अल्बर्ट मूळचा खाणकामगार, समोरच्या बाकावरचा, आणि एकोणीस वर्षे माझा जोडीदार. विरुद्ध पक्षांच्या दोघांनी ठरवून मतदानाला दांडी मारायची, म्हणजे कोणाच्याच पक्षाचे नुकसान नाही, ही सभागृहाची जुनी रीत. लेखी काही नसते, नुसता शब्द. त्या शब्दावर सभागृह सोडून आम्ही या काठावर शेकडो ट्राउट मासे पकडले.

एकदाच, त्याच्या गावचे इस्पितळ बंद करायच्या ठरावाला, पक्षाने मला मंत्रिपदाचे गाजर दाखवले. अल्बर्ट नदीवर माझी वाट पाहत बसला आणि मी गुपचूप मत देऊन आलो. ठराव एका मताने पास झाला. मंत्रिपद मिळाले, मत्स्यखात्याचे! अकरा महिने टिकले.

अल्बर्ट एवढेच म्हणाला, "माशाला फसवायलासुद्धा आमिष लागतं, लॉर्डसाहेब. मला तुम्ही नुसत्या शब्दावर फसवलंत." याला अठरा वर्षे झाली. तेव्हापासून तो बोलत नाही. मला लाज वाटते, आणि त्याच्याविना नदीवर करमत नाही.

वकील पेंबरटन बजावतो की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून साक्षीला डॉक्टर आणि स्वयंपाकीण. मसुदा मात्र अल्बर्टला पाठवला होता. उत्तर नाही.

तो अंत्यविधीला आला नाही तर कोणी नाक मुरडू नये. आमची जोडी लागली आहे असे समजावे. मीही हजर नसेनच.

थॉर्नवेल, यॉर्कशायर. शनिवार, १३ मे १९७२.

सही: थॉर्नवेल

साक्षीदार:
१. डॉ. सिरिल हॉब्स
२. ~~अ‍ॅग्नेस टर्नबुल, स्वयंपाकीण~~
अल्बर्ट ग्रिमशॉ. मसुदा मिळाला म्हणून स्वतःच आलो; स्वयंपाकिणीनं हा कागद दाखवला, वाचलं सगळं. मी सही केली, म्हणजे काठ मला मिळत नाही. राहू दे तुझ्याकडेच. सोमवारी सकाळी सहाला पुलावर ये. या खेपेला वाट तू बघायचीस.