गाठीची वीण

दादा,

नमस्कार. हे पत्र तुला पाठवणार नाही. देवासमोर बसलेय, म्हणून खरं तेच लिहिते.

कापडगिरणीत तू भिंगातून वीण तपासायचास. मी डबा घेऊन आले की मलाही दाखवायचास. “धागे रांगेत असले की कापड टिकतं,” म्हणायचास.

काल तुझ्या फुफ्फुसातल्या गाठीचा रिपोर्ट मीच आणला. डॉक्टरांनी गाठीतून काढलेल्या तुकड्याचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. पेशींच्या रांगा पार विसकटल्यात, म्हणून आजार झपाट्यानं पसरेल, उन्हाळा गाठणं कठीण, म्हणाले.

मी मॅट्रिक झाल्यापासून चिडवतोस तसंच फोनवर तू विचारलंस, “काय गं मॅट्रिकबाई, वीण कशी आहे?”

“घट्ट,” मी म्हणाले.

किती दिवसांनी हसलास!

मग मी म्हटलं, “चार दिवस राहायला ये ना.”

“उन्हाळ्यात येतो. आता कसली घाई?”

“बरं,” मी म्हणाले.

तुझी धाकटी