गोंडे, झुली आणि गेलेली पानं

१४ जुलै, सोमवार

गेलं! सगळं गेलं!

सकाळी यवतमाळहून फोन. तिथला एक शेतकरी दर वर्षी श्रावणातल्या पोळ्याला आमच्याकडून झूल मागवतो. म्हणाला, "ताई, बैलाचं माप कसं घ्याचं ते पान कुठं गेलं? तिथं त कोनी साहेब हात जोडून उभे हायेत."

आमच्या बैलसाजाच्या दुकानाची साइट उघडली. पहिल्याच पानावर आमचे दीर, गोरखराव! पांढरे कपडे, कपाळाला टिळा. वर 'भावी पंचायत समिती सदस्य यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांची गोल गोल मुंडकी, नाक्यावरच्या फ्लेक्सवर असतात तशीच.

फोटोचं एक वेळ सोडा. मागची पानं? मापाचं, वेसणीचं, गोंड्याचा रंग टिकवायचं, शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलाला काय घालावं आणि काय घालू नये त्याचं – एकही नाही. नुसती मालाची यादी शिल्लक. २०१८ पासून लिहीत आले मी.

१५ जुलै

जेवताना विचारलं. सगळे बसलेले – सासूबाई, हे, गोरख, त्याची बायको समृद्धी.

"वहिनी, फोटू माझा हाय. आठ दिसांसाठी फक्त टाकायचा व्हता," एवढंच म्हणाला.

"आणि पानं?"

भावाकडे बघत बसला, जसं काही आता हाच सोडवणार. ह्यांनी भाकरीवरून मान वर केली नाही. मी ताट सारलं आणि उठले.

सासूबाई मागून म्हणाल्या, "आगं, कांप्युटरातलं ते. परत लिव्हता येत न्हाई व्हय?"

येतं ना. मेलेला बैल पण परत आणता येतो, बाजारातून!

१७ जुलै

नारायणगावची तेजस्विनी आली होती. साइट तिनेच बांधून दिलेली, तेव्हा कॉलेजात होती. दोन तास खटपट केली. म्हणाली, मागची प्रत साइट ठेवणाऱ्या कंपनीकडे आठवडाभरच राहते, त्याला आता उशीर झाला. पानं आषाढी एकादशीला दुपारी काढली गेलीत, आणि आपल्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून.

एकादशीला मी पेठला माहेरी होते. दुकान बंद. म्हणजे घरचाच माणूस. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

"तुम्ही कच्चं कुठे लिहून ठेवलं नव्हतं का ताई?" नव्हतं. सरळ त्यातच लिहायचे. मूर्ख मी.

१९ जुलै

आज राग जरा बसला म्हणून नीट लिहिते. खरं तर बसला नाहीच.

बैलगाडा शर्यती बंद होत्या तेव्हा आमच्या दुकानात माशा. जुन्नर-आंबेगावात गाडे पळवायचे घाटच बंद, तर गोंडे, घुंगरमाळा, झुली घेणार कोण? हे म्हणाले, दुकान विकू. मी साइट काढली. पहिलं वर्षभर तिथं कोणी आलं नाही, मीच रोज उघडून बघायचे. गोंडे वळता वळता गोरख चिडवायचा, "वहिनी, दुकानात बी तुमीच, गिऱ्हाईक बी तुमीच!"

तरी दर आठवड्याला एक पान लिहिलं. लोक जे फोनवर विचारतात तेच लिहायचं. नाकात वेसण घासते, काय करू? झूल मानेला काचते, काय करू? लिहिलं त्या दिवशी कोणी येत नाही. कोणीतरी सांगली-साताऱ्याकडे अडतं, मोबाइलला विचारतं, आणि दीड-दोन वर्षांनी माझ्या पानावर येतं. मग झूल मागवतं. मग भावाला सांगतं. तिकडचा बैलांचा सण, बेंदूर, आधी आषाढात, विदर्भाचा पोळा श्रावणात, आमचा भाद्रपदात – म्हणजे माल तीन-तीनदा जातो. हे मी जमवलं. ह्या घरात कोणाला ठाऊक तरी आहे का?

आणि गोरखने साइटला फ्लेक्स समजलं! जुना उतरवायचा, कांद्याच्या चाळीवर टाकायचा, आपला चढवायचा!

२३ जुलै

पुण्याच्या एका पोराचा फोन. "मॅडम, एका महिन्यात पहिल्या नंबरला आणतो. हजार लेख देतो, सगळे मशीन लिहितं." नमुना पाठवला. त्यात लिहिलंय – बैल पाळण्याचे फायदे: एक, शेतीची कामे होतात. दोन, कुटुंबाला ताजे दूध मिळते.

बैलाचं दूध! फोन करून असं झापलंय की पोरगं नोकरी सोडेल.

नंतर हसू आलं. ह्यांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, उठून गोठ्यात गेले. भावाची बाजू घ्यायची असेल तर तोंडाने घ्या म्हणावं.

२९ जुलै

श्रावण लागून पाच दिवस झाले. ह्या दिवसांत आळेफाट्याला कुरिअरवाल्याकडे रोज पोती जायची. काल एक पुडकं. आज तेही नाही.

३१ जुलै

भाऊकी बसवली. मीच बसवली! बायकांनी असं करायचं नसतं म्हणे. नसू दे.

सरळ सांगितलं – हा धंद्यात राहिला तर मी साइटला हात लावणार नाही. माझ्या कामाची चोरी केलीय ह्याने. चोर आहे हा.

चुलतसासरे कुंडलिकनाना म्हणाले, "गोरखा, तू काढलं का न्हाई ते एकदा बोल की, राव." गोरख जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी म्हणत्यात तसं धरा."

धरा! चूक केल्यावर हातही झटकायचे, आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं!

सासूबाई रडल्या. "एका फोटूपायी घर फोडती व्हय गं?" मी पण रडले, पण मोरीत जाऊन.

३ ऑगस्ट

गोरख गेला. मंचरला एका व्यापाऱ्याकडे गोंडे वळायला राहणार आहे. समृद्धी आणि लेक इथेच. जाताना माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले.

४ ऑगस्ट

आज साइटच्या पहिल्या पानावर सूचना घातली. पेपरात देतात तशीच, फोटोसकट:

'जाहीर सूचना. सोबतच्या छायाचित्रातील गोरख यांनी विश्वासघात केल्यामुळे त्यांचा आमच्या व्यवसायाशी कोणताही संबंध राहिलेला नाही. त्यांच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही.'

पूर्ण नाव, गाव, तालुका, सगळं घातलं. त्याला त्या पानावर फोटोच पाहिजे होता ना? घे! तेजस्विनी म्हणाली, "ताई, दोन दिवस थांबा ना." नाही थांबले. लई बरं वाटलं. खरंच सांगते, महिन्याभरात आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ ऑगस्ट

तिकडचा पोळा झाला. यवतमाळच्या त्या पाहुण्याने यंदा झूल दुसरीकडून घेतली. वाईट वाटून त्यानेच सांगितलं.

१ सप्टेंबर

पुन्हा लिहायला बसले. वेसणीचं पान झालं. मापाचं झालं. पहिल्यासारखं होत नाही. तेव्हा मला काही येत नव्हतं, म्हणून विचारत विचारत लिहायचे, ते वाचणाऱ्याला कळायचं. आता शहाणपणाच जास्त उतरतोय.

तेजस्विनीने सांगितलं, पुन्हा वर यायला वर्ष-दीड वर्ष धरा. बरं. धरलं. मला कुठं जायचंय?

८ सप्टेंबर

भाद्रपदाच्या पोळ्याचा माल अर्धाच. गोंडे बाहेरून आणले, ते हातात धरले तर दोरे सुटतात. आंबेगावच्या एका गाडामालकाने तोंडावर फेकले. "ताई, ह्ये तुमच्याकडचं न्हाईत. गोरखभाऊ कुठायत?"

तोही त्याच्याच बाजूचा! त्याला म्हटलं, साइटवर वाच, कळेल कुठे आहे ते.

१५ सप्टेंबर

नळावर समृद्धीने गाठलं. सूचना घातल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती.

"वहिनी, ह्यांला मंचरला बी कामावरनं काढलं. दुसरीकडं गेलं तर नाव इचारत्यात, मोबाइल काढून बगत्यात, आन् न्हाई म्हणत्यात. पंचायत समितीचं तिकीट तर कवाच गेलं. आता कुणी फोन बी उचलत न्हाई."

मी हंडा उचलला आणि आले. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण माझी सात वर्षं गेली, तेव्हा कोणाला वाटलं होतं?

२१ सप्टेंबर, रविवार

पोळा. बैल धुतले, शिंगं रंगवली. शिंगं दर वर्षी गोरख रंगवतो, यंदा ह्यांनी रंगवली, सगळी ओघळली. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि हे न जेवता झोपले. विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या, नुसत्या बघत होत्या.

२३ सप्टेंबर

पानं ह्यांनी काढली होती.

आज चहाचा कप हातात धरून सांगितलं. गोरखने फक्त फोटो लावून मागितला होता. कॉम्प्युटरवर हेच बसले. पानांवर २०१८-१९ पासूनच्या जुन्या तारखा दिसल्या. हंगामाआधी खुंट्यांवरचा मागच्या सालचा विटका माल उतरवतात, तशी सगळी पानं उतरवली. "तुला बरं वाटंल म्हणलं, दुकान नवं दिसंल." तुझा अवतार बघितला आणि भ्यालो, म्हणाले. गोरखला म्हणाले, दोन दिस थांब, मीच सांगतो. तो थांबला. अजून थांबलाय.

सूचना ताबडतोब काढली. मग मोबाइलवर गोरखचं नाव टाकून बघितलं. पहिलीच ती – 'विश्वासघात केल्यामुळे'. तेजस्विनीला फोन केला. ती म्हणाली, काढलं तरी काही दिवस दिसत राहील ताई, आणि लोकांनी फोटो काढून पुढे पाठवलेत, त्याला इलाज नाही.

इतकी वर्षं लिहिते आहे. इतक्या लवकर पहिल्या नंबरला गेलेलं माझं हे एकच पान.