बंद समुद्राकाठचा वाल

आये, त्या समुद्राला तू डबकं म्हणाली होतीस. तुझा आवाज आता मला मुद्दाम आठवावा लागतो, पण हा शब्द आठवावा लागत नाही. आज सकाळी वालाच्या शेतात उभी होते आणि तो आपणहून आला. म्हणून लिहायला बसले. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि भांडण अर्धवट सोडायची सवय तुला नव्हती, मलाही नाही.

मे महिना होता. तू चुलीपुढे पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होतीस. अंगठ्याने दाबायचं, साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे. मी मुंबईत नर्सिंग शिकून तिथेच काही वर्षं नोकरी केलेली, आणि आखातातल्या एका इस्पितळात नेमणूक झाल्याचं सांगायला घरी आलेली. पासपोर्टला लागणाऱ्या दाखल्यासाठी खालापूरच्या कचेरीत हेलपाटे घालून झाले होते, म्हणजे जायचं ठरलेलंच होतं. ते तू माझ्या तोंडावरून ओळखलंस. बाबा जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, शेत तू आणि भाऊ बघत होतात. दुसऱ्या कुठल्याही आईने पगार विचारला असता, राहायचं कुठे ते विचारलं असतं. तू विचारलंस, तिथे पाऊस किती पडतो. मी म्हटलं, जवळजवळ नाहीच. मग समुद्र तरी आहे का, म्हणालीस. म्हटलं, आहे की, इस्पितळातून चालत जाता येतं म्हणे. तुझा अंगठा थांबला.

"समुद्र हाय नि पाऊस नाय? मंग त्यो समुद्र नाय गं, डबकं हाय. ज्या पान्यातनं ढग उठत नाय तिथं देवाचा हात नाय. तिथं जाऊन तू काय करशील?"

मी चिडले. आजाऱ्यांना औषध द्यायला ढग लागत नाहीत, असं काहीतरी बोलले. डाळिंब्या पातेल्यात टाकल्यास, उठलीस, आणि कोपऱ्यातल्या मडक्यातून राखेत घोळवलेलं बियाणं काढलंस. मूठभर वाल जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून माझ्या हातात दिलेस. मला वाटलं, राग गेला. राग कुठला जातोय. ती तुझी अट होती.

"पेरून बघ. पानी घालू नको, माजंल. वाल दवावर व्हतो. तगला तं ऱ्हा तिथं. नाय तगला तं गुमान परत ये."

दवावर होतो, हे तुझं ठाम मत. भात कापून झालं की ओलसर शेतात तू वाल टाकायचीस आणि पुढे घागरभर पाणीसुद्धा कधी दाखवायची नाहीस. संध्याकाळी ठाकुरवाडीच्या बाजूच्या डोंगराकडे बोट करून सांगायचीस की तिकडून गारवा खाली उतरला की पहाटे दव धरतं आणि त्यावर वाल पोसतो. माघात शेंगा भरायच्या, मडक्यात भांबुर्ड्याचा रानपाला आणि शेंगा भरून जाळात पोपटी लागायची, आणि तू पहिली शेंग फोडून अशी बघायचीस की जणू ते दव तूच पाडलंस. आम्ही तुला कोणी कधी उलट विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

मी तिकडे पोचले ती ऐन उन्हाळ्यात. सुरुवातीला रोज वायव्येकडून वारा, कोरडा, धुळीने भरलेला. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावायचो तरी अंथरुणावर वाळू. वाटलं, आई बरोबर बोलली होती. मग एक दिवस वारा पडला आणि समुद्राची हवा आत शिरली. आये, तशी दमट हवा मी आपल्या आषाढातही बघितली नव्हती. वॉर्डातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. भिंतींना घाम. पहाटे आमच्या क्वार्टरच्या पत्र्यावरून टपटप थेंब गळायचे आणि वर आभाळ स्वच्छ, एक ढग नाही. मी त्या टपटपीखाली उभी राहून एकटीच हसले. दव! तुझ्या सगळ्या शेतावर पडेल त्याहून जास्त दव माझ्या एका पत्र्यावर. म्हटलं, म्हातारीला आता दाखवते.

तेलाचा रिकामा डबा कापला, क्वार्टरमागची माती भरली आणि पत्र्याखाली वाल टोकले. पाणी घातलं नाही, कारण तू सांगितलं होतंस. बरोबरच्या केरळी मुली विचारायच्या की हे काय चाललंय, तर मी ऐटीत सांगायची, हे दवावर होतं. वाल उगवले. दोन पानं आली, आणि आठवड्याभरात काडीसारखे वाळून गेले. मातीवर मिठाची पांढरी साय धरली होती.

तुझ्या अटीप्रमाणे मी गाशा गुंडाळायला हवा होता. त्याऐवजी मी तुला पत्र लिहिलं. तुला अक्षरओळख नव्हती, ते भावाने वाचून दाखवलं असणार. दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. वाल तगला नाही, आणि मी येणार नाही.

का नाही आले, ते तेव्हा लिहायला मला जमलं नाही, आज जमतंय. वॉर्डात एक म्हातारा खलाशी होता, मांडीचं हाड मोडलेला. तरुणपणी खजूर घेऊन गलबतातून मुंबईला यायचा, त्यामुळे मुंबईची हिंदी फर्डी. माझं तोंड उतरलेलं बघून त्याने विचारलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, डबकंसुद्धा. मला वाटलं रागावेल. तो नुसता हसला.

"बेटी, ये बंद दर्या है. इसको एकीच दरवाजा है, वो भी छोटा. इसका मिजाज अपना है, तेरे दर्या से मत नाप."

मग रोज औषध घेताना तो थोडं थोडं सांगायचा. चारी बाजूंना जमीन, पाणी उथळ, म्हणून ते लवकर तापतं आणि त्याची वाफ भरपूर होते. पण ती वर चढत नाही. वर वाळवंटाची तापलेली हवा दाबून बसलेली असते. तुझ्या भाषेत सांगते, तव्यासारखं तापलेलं झाकण. गार झाकणाला थेंब धरतात, तापल्या झाकणाला धरत नाहीत. त्यामुळे वाफ जमिनीलगतच कोंडून राहते, माणसांना घाम फोडते, पहाटे पत्रा गार पडला की तिथे टपकते. हिवाळ्यात ते झाकण जरा सैल होतं, पश्चिमेकडून लांबचे ढग येतात, एखाददुसरी सर पडते, गडगडतं, संपतं. पलीकडच्या काठाला डोंगर आहेत, त्यांच्यावर मात्र बर्फ पडतं. तोच समुद्र, आये. डोंगर ज्या काठाला आहे त्याला पाणी मिळतं आणि अलीकडचा काठ कोरडा राहतो. यात देवाचा हात आला कुठून?

आणि हेच मला तुला सांगायचं होतं. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो तो आपण पुण्यवान म्हणून नाही. आपल्या समुद्राला दार-भिंत काही नाही, वारा हजारो कोस पाण्यावरून धावत येतो आणि आपल्या पाठीशी घाट आडवा उभा आहे, त्याला धडकून वर चढतो, म्हणून पडतो. तो घाट तू बांधला नाहीस. बाबांनीही नाही. मग ज्यांच्या पाठीशी घाट नाही त्यांना शाप लागलाय असं म्हणायचा तुला काय अधिकार? पुढे बाळंतिणींच्या वॉर्डात मी तिथे शेकडो बाळंतपणं केली. ढगांशिवाय मुलं जन्मत होती आणि चांगली ठणठणीत रडत होती.

वर्षभराने तिकडेच कामाला असलेला, आपल्याकडच्या लोधिवलीचा एक फिटर सुट्टीवरून परत आला तो तुझी चिंधी घेऊन. पुन्हा मूठभर वाल. निरोप एवढाच, माती बदल. परत ये असा शब्द नाही. मी त्या रात्री रडले, हे लपवत नाही. पण ऐकलं अर्धंच. इस्पितळाच्या बागेतली माती आणली, थंडी पडल्यावर वाल लावले आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घातलं. वेल चढले. शेंगा लागल्या. त्या समुद्राकाठी, आये, माझ्या खिडकीच्या गजांना.

सुट्टीवर आले तेव्हा त्यातलंच बी तुझ्यासाठी आणलं होतं. तू पदरात घेतलंस, दाणा दाताखाली धरून बघितलास आणि विचारलंस, पाणी घातलंस? मी खरं सांगितलं. वर हेही सांगितलं की तुझा वालही काही दवावर होत नाही, भाताच्या मातीने पावसाळाभर पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर होतो, दव तिकडे कितीतरी जास्त होतं, तरी पाण्यावाचून वाळलाच ना. तू बी माझ्या ओंजळीत परत ओतलंस.

"पान्यावरचा वाल माज्या शेतात नको."

मला तो अपमान आजही सोसत नाही. वाल माझ्यासारखाच होता ना, परक्या मातीत तगलेला? त्याला तू दारात उभं केलं नाहीस. आणि पुढच्याच खेपेला मी यायच्या आत तू गेलीस. गावातल्या बायका बोलल्या की डबक्याकाठी बसली आणि आय हातची गेली. तो शब्द त्यांना तुझ्याकडूनच मिळाला होता. मी त्यांच्यासमोर मान खाली घातली नाही. मी गेले ते बरोबर केलं, राहिले तेही बरोबर केलं, आणि उद्या तू पुन्हा चुलीपुढे बसून तेच विचारलंस तर मी पुन्हा जाईन. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

आता निवृत्त होऊन इथेच असते. भावाच्या मुलांनी बाकीची जमीन विकली, वालाचा तुकडा मी ठेवला. विहिरीवर मोटार बसवली आणि गेली काही वर्षं वालाला व्यवस्थित पाणी देत आले, तुझ्या नाकावर टिच्चून. वेल कमरेएवढे माजतात, हिरवेगार, बघणाऱ्याने बघत राहावं. शेंगा कमी धरतात. ज्या धरतात त्यांची पोपटी पाणचट लागते. शेजारची सून म्हणाली, मावशी, बी बदला. बी तुझंच आहे, मडक्यातलं, दरवर्षी राखून ठेवलेलं.

ओल मातीचीच असते हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण आज पहाटे ठाकुरवाडीकडून गारवा उतरला होता, पानापानावर दव होतं, आणि मी चप्पल बांधावर काढून आत शिरले, गुडघ्यापर्यंत भिजले. तुला वाचून दाखवायला भाऊ आता राहिला नाही, त्यामुळे हे पत्र इथेच, बियाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवते.

यंदा वालाला पाणी दिलेलं नाही. मोटार बिघडली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलंय. मोटार चांगली आहे, आये.