रांजणाचा दुसरा कान

५ मे २०२५
घरामागच्या मक्याच्या शेतात माणसं उतरली! नारिंगी जाकिटं, फावडी, चाळण्या. तिथे टाउनहाउसेस होणार, या परदेशात त्याआधी जमिनीत जुनं काही आहे का ते बघावं लागतं म्हणे. कपिल म्हणाला, "चिल, बाबा. टू वीक्सचं काम आहे."
दर पाच पावलांवर खड्डा. माती चाळायची, खड्डा बुजवायचा, पुढे सरकायचं. त्यांच्यापासून सफरचंदाचं झाड एकशे दहा पावलं. जेवण गेलं नाही.

६ मे
कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. बायकोची, इंदुमतीची रक्षा सगळी नदीत गेली नाही. मूठभर मी मागे ठेवली. दोन वर्षांपूर्वी मडक्यात घालून त्या झाडाखाली पुरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला तेच झाड दिसायचं. शेत दुसऱ्याचं — परवानगी नाही, काही नाही. सापडलं तर? पोलीस येतील? कपिल काय म्हणेल?

८ मे
पाऊस. काम बंद. बरं झालं!
पण चाळणीचा आवाज कानातून जात नाही. सहावीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी गावच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खननाच्या मजुरीला लागलो. मी खणायचो, इंदुमती चाळायची. पापण्यांवरसुद्धा धूळ तिच्या! एकदा तिच्या चाळणीत भाजल्या मातीचा जाड कान आला, भांडं धरायचा. उत्खननाचा साहेब नाचलाच — "रोमच्या दारूचा रांजण! दोन हजार वर्षं!" फोटोत हात साहेबाचा. कानाच्या चिठ्ठीवर नंबर, खड्ड्याची खोली, नाव साहेबाचं. ती मला म्हणाली, "घावला मला. माझं नाव कुठं हाय?"
आठवड्याने त्याच रांजणाचा दुसरा कान निघाला. तिने गुपचूप ओच्यात टाकला. साहेब महिनाभर शोधत होता! लग्नानंतर माझ्या हातावर ठेवला — "ह्यो माझ्या नावाचा."
मडक्यात रक्षेवर तोच ठेवलाय.

१२ मे
पंधरा पावलं राहिली. सूनबाई म्हणते, "बाबा, तासभर खिडकीत उभे आहात. बीपीची गोळी घेतली का?" म्हटलं, गंमत बघतोय.
कसली गंमत! फावड्यावर पाय मारून मारून उपसतात. मडकं फुटेल अशाने.

१३ मे
गेलो. कपिलचे बूट घालून, चिखलातून. त्यांची मुकादम मेगन — पोरगीच. म्हटलं, माय वाइफ. अंडर ट्री. आता ही फोन लावणार, पोलिसांना बोलावणार!
तिने फावडं खाली ठेवलं. "शो मी."
मी खुरपी मागितली. गुडघ्यांवर बसून बोटबोट माती काढली. ती बघत होती — "व्हेअर डिड यू लर्न दॅट?"
मडकं इथल्या बर्फाच्या थंडीने कधीच फुटलेलं. रक्षा मातीत मिसळून गेली, वेगळी होईना. मग सगळी माती चाळली. जन्मात पहिल्यांदा चाळणी माझ्या हातात. वर राहिली खापरं नि तो कान.
"दिस इज नॉट फ्रॉम हिअर," मेगन म्हणाली. येईल तसं सगळं सांगितलं. रडलोही. माती नि कान तिने ठेवून घेतले; शेतमालकाला विचारून उद्या येते म्हणाली. कपिलला अजून सांगितलं नाही.

१४ मे
संध्याकाळी मेगन दारात. बादलीत ती माती, पिशवीत कान. कपिलला तिथेच सगळं सांगावं लागलं. त्याने बादली आत घेतली.
मी त्यांच्या कामाची एक कोरी चिठ्ठी मागितली. मेगन लिहू लागली. खोली — एक फूट. कुणाला सापडलं?
इंदुमती, म्हटलं.
स्पेलिंग कपिलने सांगितलं.