छापखान्यावरचा निजेचा तास

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण इथे अर्जाच्या कागदांनी माझं टेबल बळकावलंय आणि मुलांनी मला. लहान मुलांच्या शाळांना सरकार अनुदान देणार आहे ही बातमी तूच कळवलीस, तेव्हा या डोकेदुखीचं पापही तुझ्याच माथी. बाकीचे रकाने भरून झाले. जिन्याला कठडा आहे, प्यायचं पाणी गाळलेलं आहे, मदतनीस बाईंना खरचटलेल्यावर पट्टी बांधता येते. अडलं ते एकाच जागी. जेवणानंतरच्या तासात मुलं कोणती शैक्षणिक कृती करतात, असं विचारलंय. मी लिहिलं, झोपतात.

तू आता उंच इमारतीत बसतेस, म्हणून आठवण करून देते. आपली बालवाडी अजून छापखान्याच्या वरच आहे. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी मांजरीच्या पोटासारखी गुरगुरते, आणि त्या गुरगुरीवर सगळी पोरं एकेक करून विरघळतात. यंत्र थांबलं की आपोआप जागी होतात. मग गोल करून बसायचं आणि ज्याने त्याने आपलं स्वप्न सांगायचं. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत तीही स्वप्न सांगायला पुढे सरकतात. काल एका बोबड्या पोरीने सांगितलं की खालच्या यंत्रातून एक मोठं मांजर छापून निघालं, ते ओलं होतं, म्हणून दोरीवर वाळत घातलं. मला तर रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते मांजर दिसत होतं.

या खोलीत कधीच न झोपलेलं मूल एकच, माझ्या भावाची लेक, म्हणजे तू. छताकडे टक लावून पडायचीस, आणि स्वप्न मात्र सगळ्यांत लांब सांगायचीस. मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

आता काळजीचं. छापखान्याच्या मालकाला वरच्या खोलीसाठी एक कागदाचा व्यापारी भेटलाय. त्याला गोदाम करायचंय आणि तो भाडंही जास्त देतो. मालक माणूस वाईट नाही. अनुदान मिळालं तर करार तुमच्याशीच करतो, पण मार्चपर्यंत काय ते सांगा, म्हणाला. नाही मिळालं तर मुलांच्या गाद्या गुंडाळून मी कुठे जाणार, ते मलाच माहीत नाही. तुझ्या खात्यात तू शब्द टाकावास असं मी मुळीच म्हणत नाही. तू जेवतेस का वेळेवर, एवढंच विचारते.

माया आहेच. पत्र पाठवलंस तर ती दिसेलही.
तुझी,
आत्या

१६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? शब्द टाकणार नाही, टाकता येणार नाही. तू माझी सख्खी आत्या आहेस हे मी साहेबांना लेखी कळवून ठेवलंय. समितीच्या बैठकीत तुझा अर्ज निघाला की मला उठून बाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागेल. लहानपणी तू मला कोपऱ्यात उभं करायचीस, आता सरकार करेल.

पण सल्ला द्यायला बंदी नाही. ‘झोपतात’ हे आधी खोड. ‘विश्रांती व त्यानंतर भाषाविकास’ असं लिही. खोटं काहीच नाही त्यात, फक्त कपडे बरे घातलेत. आणि पाहणीला माणूस येईल. कधी येणार ते आधी कळवत नाहीत. तो दारात दिसला की मुलं जागी हवीत, हातात काहीतरी हवं, खडू, मणी, माती, काहीही. त्यांच्या तक्त्यात ‘पाहिलेली कृती’ असा एक रकाना आहे आणि त्याला सगळ्यांत जास्त महत्त्व आहे. तो कोरा राहिला तर अर्ज तिथेच बसला म्हणून समज.

तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, असं तू म्हणशील. हाकतो. इथून शेळ्या दिसतही नाहीत, नुसते शेळ्यांचे कागद दिसतात. दिवसभर ते वाचते आणि रात्री डोळे मिटले की तेच रकाने पापण्यांच्या आतून दिसतात. हल्ली डोळ्याला डोळा लागत नाही. पहाटे खिडकीशी बसते, समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागताना बघते. नाव भिंगरी ठेवलंस, आता भोग आपल्या कर्माची फळं. बाबा बरे आहेत, जेवणही वेळेवर होतं.

आत्या, एवढं ऐक माझं. मुलं जागी ठेव.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझी,
भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घोटाळा झालाय. तू ओरडशील, म्हणून आधीच कबूल करते.

पाहणीचे साहेब काल आले. सकाळी आले असते तर मुलं मातीत कोपरापर्यंत बुडालेली दिसली असती. पण आले ते नेमके यंत्र सुरू झाल्यावर. मी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बिचारे बूट हातात घेऊन आत आले. सगळी खोली झोपली होती. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाच्या मुठीत शेजाऱ्याची बाही. पडद्यातून येणारं ऊन त्यांच्या अंगावरून सावकाश सरकत होतं.

साहेबांनी हळूच विचारलं की मुलांना उठवता येईल का, कारण त्यांची परतीची गाडी लवकरची होती आणि कृती पाहिल्याशिवाय तक्ता भरता येत नव्हता. तुझं पत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं गं. मी खरंच पुढे गेले, त्या बोबड्या पोरीच्या खांद्यापर्यंत हात नेला. ती झोपेत कशाला तरी हसत होती. मला नाही जमलं. मी साहेबांना म्हटलं की इथे झोपलेल्याला उठवायचं नाही असा नियम आहे, आणि तो मीच केलाय, तेव्हा मोडणार कोण.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीला लागले होते. थोड्या वेळाने त्यांनी हात फरशीवर टेकवला आणि तो तसाच ठेवला. त्यांची गाडी गेली. यंत्र थांबल्यावर मुलं उठली, गोल झाला, आणि कुणीतरी त्यांनाही स्वप्न विचारलं. आपण झोपलोच नव्हतो, असं ते म्हणाले, तर मुलांना त्यांची फार कीव आली. मग ते कागदावर बरंच काही लिहीत बसले. मला ‘कळवू’ एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मालक आज पुन्हा विचारून गेला. मुलांच्या गाद्यांना ऊन दाखवलं आहे, कुठे न्यायच्या झाल्या तर स्वच्छ न्याव्यात.

रागावलीस तरी माझीच आहेस, हे विसरू नकोस.
तुझी,
आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

थोडं आधी उठवलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? मी एक महिना आधी सांगितलं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! मुलं उद्याही झोपली असती, परवाही झोपली असती. आता परवा झोपायला त्यांना खोली राहते की नाही कोण जाणे. तुझ्या एका तासाच्या हट्टापायी इतक्या वर्षांची शाळा पणाला लागली, आणि मला मदतही करता येत नाही.

हे लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. फाडणार होते, पण राग खरा आहे, म्हणून पाठवते. पण तुझ्या जागी मी असते तर त्या हसणाऱ्या पोरीला उठवलं असतं का, हा विचार काही डोक्यातून जात नाही. मला वाटतं, मी उठवलं असतं. आणि ते मला आवडलेलं नाही.

मायेत मात्र खाडाखोड नाही.
तुझी,
भिंगरी

१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मिळालं! आत्या, अनुदान मिळालं, तीन वर्षांसाठी. खोलीचं भाडं त्यातच धरलंय. मालकाला सांग, गोदामाला दुसरी जागा बघा म्हणावं.

आता नीट सांगते. तुझा अर्ज निघाला तशी मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आधी हसण्याचा आवाज आला आणि वाटलं, तुझ्या अर्जालाच हसताहेत. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. नंतर आमच्या साहेबांनी बोलावून पाहणीचा अहवाल माझ्यासमोर ठेवला. ‘पाहिलेली कृती’ या रकान्यात त्या गृहस्थांनी लिहिलंय, मुलं झोपली होती, बाईंनी उठवायला नकार दिला, म्हणून मी थांबलो. खाली लिहिलंय की अनोळखी माणूस खोलीत वावरत असताना इतकी मुलं इतकी निर्धास्त झोपलेली आपण दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिली नाहीत. आणि मुलांनी सांगितलेली सगळी स्वप्नं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून जोडली आहेत. समितीत ती मोठ्याने वाचली गेली. हसू त्याचं होतं. नंतरच्या शांततेत काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

तुझंच खरं ठरलं. मी बोलले ते मागे घेते.

हे पत्र टाकते आणि लगेच वाटतंय की ते पोचायला दोन दिवस लागतील. तोवर तू गाद्या बांधायला घेशील. म्हणून रजा टाकली आहे. पहाटेची गाडी मिळाली तर पत्राआधी मीच येईन आणि तोंडाने सांगेन. रात्री झोप लागणार नाहीच, ती कधी लागते?

भेटीत सगळा लोभ वसूल करीन.
तुझी,
भिंगरी

१९ मार्च, दुपार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

उठल्यावर हा कागद हाताशी सापडेल. घाबरू नकोस, तू माझ्याकडे आहेस.

तू जिना चढून आलीस तेव्हा निजेचा तास नुकताच लागला होता. काहीतरी सांगायला तोंड उघडलंस आणि सवयीने माझं बोट ओठांवर गेलं. तुझ्या तोंडाकडे पाहून मला काहीच उमगेना. चांगल्या बातमीसाठी इतक्या लांब कोण येतं, असं वाटलं. तू भिंतीला टेकून बसलीस, एक चप्पल हातातच. यंत्र गुरगुरत होतं. मी त्या बोबड्या पोरीचं पांघरूण सारखं करून वळले, तर तू कलंडली होतीस. जवळ येऊन पाहिलं. झोपली होतीस गं, खरीखुरी, तोंड उघडं टाकून. इतक्या वर्षांनी.

मग यंत्र थांबलं. मुलं उठली, तू नाही उठलीस. सगळी तुझ्याभोवती गोल करून बसली आहेत, आणि तुला हात लावायचा नाही असं एकमेकांना बजावत आहेत.

एवढ्यात मालक वर आला. आज त्याला उत्तर हवं होतं. मी म्हटलं, उत्तर झोपलंय, थांबा. आणि खाली जाऊन यंत्र पुन्हा सुरू करा. छापायला काही उरलं नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, रिकामं चालवा. पुटपुटत गेला, पण फरशी पुन्हा गुरगुरायला लागली आहे.

काय बातमी आणली आहेस मला माहीत नाही. आत्ता या घडीला नाही कळली तरी चालेल. उठलीस की आधी स्वप्न सांग, मुलं कधीची वाट बघताहेत. आणि या वेळी बनवून सांगू नकोस.

लोभ उशाशी ठेवला आहे.
तुझी,
आत्या